माझ्या खणातला नकाराचा नमुना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परवाच्या अंकात आपण स्पर्धा परीक्षेत निवड झालेल्या मुलींच्या सत्काराची छायाचित्रे छापलीत. फेटे, पुष्पगुच्छ, मागे आईवडील. आमच्या इंदिरानगरातही असाच एक फ्लेक्स लागला आहे, ‘नायब तहसीलदारपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’. मी जाता-येता त्या मुलीच्या फोटोकडे बघते. मी त्याच पदावरून मे २०२४ मध्ये निवृत्त झाले. फरक इतकाच, की ती तिथून सुरुवात करते आहे आणि मी १९८८ मध्ये लिपिक म्हणून लागून अठ्ठावीस वर्षांनी तिथे पोचले. तिथेच माझी नोकरी संपली. तेव्हा या आनंदात थोडा खडा टाकते आहे, राग मानू नये.

बायका सरकारी नोकरीत येत नाहीत, अशी आता ओरड करण्यात अर्थ नाही. १९९४ मध्ये महाराष्ट्राने महिला धोरण आणले, सरळसेवा भरतीत ३० टक्के जागा आल्या आणि कोणत्याही कार्यालयात बघा, टेबलांवर बायका दिसतात. आपल्या जिल्हा परिषदेत आशिमा मित्तल मुख्य कार्यकारी अधिकारी होत्या, महापालिकेत मनीषा खत्री आयुक्त म्हणून आल्या. मी निवृत्त झाले त्याच्या पुढच्याच महिन्यात, ३० जून २०२४ ला, सुजाता सौनिक राज्याच्या पहिल्या महिला मुख्य सचिव झाल्या. १९६० पासून मोजले तर चौसष्ट वर्षे लागली. त्या दिवशी जुन्या मैत्रिणींच्या ग्रुपवर नुसता टाळ्यांचा पाऊस पडत होता. मीही टाळ्या पाठवल्या. पण माझा विषय वरून थेट येणाऱ्या अधिकाऱ्यांचा नाही. खालून एकेक पायरी चढणाऱ्या बाईचे पाऊल कुठे अडते, त्याबद्दल मला सांगायचे आहे. कारण ती ३० टक्क्यांची सोय आत शिरण्याच्या दारापुरती आहे, जिन्यावर तिचा उपयोग नाही. बढतीतही आरक्षण द्या असे माझे म्हणणे मुळीच नाही. माझे म्हणणे टेबलांबद्दल आहे.

महसूल खात्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. तहसील कार्यालयात माणसाची ओळख टेबलावरून होते. आवक-जावक, आस्थापना (म्हणजे कर्मचाऱ्यांच्या नेमणुका-बढत्यांचे कागद), संजय गांधी निराधार योजना, अभिलेख कक्ष ही बसून करायची टेबले. गौण खनिज (वाळू, मुरूम वगैरे), फौजदारी, पुरवठा, निवडणूक ही टेबले बाहेरची. त्यात लोकांशी भांडण होते, पोलिसांशी बोलावे लागते, प्रांतांसमोर उभे राहावे लागते आणि आमदारांचा फोन घ्यावा लागतो. माझ्याबरोबर त्याच दिवशी हजर झालेला एक सहकारी होता. त्याला फौजदारी मिळाले, मला आवक-जावक. दोघांनीही काही मागितले नव्हते. दुय्यम सेवा आणि महसूल अर्हता या खात्याच्या परीक्षांत माझे गुण त्याच्यापेक्षा जास्त होते, हे तो अजूनही हसत हसत कबूल करतो. तो तहसीलदार म्हणून निवृत्त झाला.

१९९८ च्या सुमारास जिल्ह्यातल्या एका तहसील कार्यालयात (नाव घेत नाही) गौण खनिजाचे टेबल रिकामे झाले. मी धीर करून साहेबांकडे गेले आणि ते मागितले. साहेबांनी पेन खाली ठेवले. म्हणाले, “बाई, रात्री-अपरात्री नदीत उतरावं लागतं. वाळूचे ट्रकवाले काय असतात, माहीत आहे का? उद्या तुम्हाला काही झालं तर तुमच्या मिस्टरांना मी काय तोंड दाखवू?” माणूस खरोखर चांगला होता. माझ्या मुलीला ताप असला की न मागता लवकर घरी सोडायचा. म्हणूनच तर त्याला उत्तर देता आले नाही. वाईट साहेबांशी मी भांडलेही असते. पुढे गोपनीय अहवालाची, म्हणजे साहेबांनी दरवर्षी आमच्या कामावर लिहिलेल्या शेऱ्यांची, प्रत कर्मचाऱ्याच्या हातात द्यायची पद्धत आली, तेव्हा एका वर्षीच्या अहवालात मी वाचले: ‘आस्थापनेचे काम बिनचूक. क्षेत्रीय कामाचा अनुभव मर्यादित.’ आधी नदीत जाऊ द्यायचे नाही आणि मग पोहता येत नाही म्हणून लिहायचे.

यात नवे काही नाही. पहिल्या महिला आयएएस अधिकारी अन्ना राजम मल्होत्रा १९५१ च्या तुकडीच्या. मुलाखतीतच त्यांना सुचवले गेले होते, की परराष्ट्र सेवा वगैरे घ्या, बायकांना ती बरी पडेल. त्या हटल्या नाहीत. मद्रासला गेल्यावर मुख्यमंत्री राजाजींनी त्यांना जिल्ह्याऐवजी सचिवालयात टेबल देऊ केले, कायदा-सुव्यवस्था बाईला कशी जमेल म्हणून. त्यांनी भांडून होसूरच्या सबकलेक्टरची जागा घेतली. पुढे याच बाईंनी आपल्याकडचे न्हावा-शेवा बंदर उभे करण्याची जबाबदारी सांभाळली. त्या काळी लग्न केले तर नोकरी जाऊ शकत होती, तसा नियमच होता. परराष्ट्र सेवेतल्या सी. बी. मुथम्मा बढती डावलली म्हणून सर्वोच्च न्यायालयात गेल्या, तेव्हा कुठे १९७९ मध्ये न्यायालयाने असल्या नियमांवर ताशेरे ओढले. नियम गेले. साहेबांची काळजी मात्र राहिली.

आता मथळ्यातल्या त्या नमुन्याबद्दल. आस्थापना शाखेत मी बरीच वर्षे काढली. पदोन्नतीचे आदेश निघाले, की आठवड्याभरात कुणीतरी माझ्या टेबलाशी येऊन हळूच विचारायची, “ताई, तो नकाराचा अर्ज कसा लिहायचा?” शेवटी मी एक नमुनाच टंकून उजव्या खणात ठेवला. नाव आणि तारखेची जागा रिकामी. ‘माझ्या वैयक्तिक व कौटुंबिक अडचणींमुळे मी सदर पदोन्नती स्वेच्छेने नाकारीत आहे. त्यामुळे होणाऱ्या परिणामांची मला जाणीव आहे.’ नकार दिला की निवडसूचीतून नाव जाते, मागचे लोक पुढे निघून जातात, हे परिणाम. जाणीव सगळ्यांना असायची.

अर्ज सगळे एकसारखे दिसत, पण टेबलाशी उभे राहून जे सांगितले जाई ते कागदावर कधी येत नसे. एकीची सासू अर्धांगाने पडून. एकीचे यजमान अंबडच्या कारखान्यात पाळीने कामाला, रात्रपाळीला मुलांजवळ कोण? एकीला मिळालेल्या गावी राहायला क्वार्टर नाही आणि शेवटची एसटी साडेपाचला. एकीचे कारण मी कधी विसरणार नाही. तिचे यजमान आमच्याच खात्यात अव्वल कारकून होते. ती म्हणाली, “ह्यांच्या वर जाऊन बसायचं म्हणजे घरात बरं दिसत नाही गं.” आणि सही करताना तिने माझ्याकडून दुसरे पेन मागून घेतले, कारण तिच्याजवळचे पेन ह्यांनी वाढदिवसाला दिलेले होते.

पुरुषांचे अर्ज येत, नाही असे नाही, पण फार थोडे. त्यांची रीत वेगळी होती. ते आधी बढती घेत आणि मग जागा बदलून मिळावी म्हणून वर खेपा घालत. बायकांना त्या खेपा घालता येत नव्हत्या, कारण खेपा घालायला संध्याकाळ मोकळी लागते.

२०११ मध्ये माझा आदेश निघाला. नायब तहसीलदाराचा संवर्ग विभागीय, म्हणजे नाशिक विभागाच्या पाच जिल्ह्यांत कुठेही. मला सातपुड्यातला एक तालुका मिळाला. मुलगी दहावीत. दोन दिवस मी आदेश पर्समध्ये घेऊन फिरले. तिसऱ्या दिवशी उजवा खण उघडला, स्वतःच टंकलेल्या नमुन्यावर स्वतःचे नाव घातले आणि सही केली. शेजारच्या आवक-जावकला नवीन लागलेली मुलगी होती. तिने कागद हातात घेतला, वाचला आणि विचारले, “मॅडम, शिक्का मारू ना?” मी म्हटले, मार. तो नमुना मी त्यानंतर खणात ठेवला नाही.

पुढची गोष्ट योगायोगाची. २०१५ च्या सिंहस्थात, १३ सप्टेंबरच्या दुसऱ्या पर्वणीच्या (मोठ्या स्नानाच्या) आदल्या रात्री, तपोवनात साधुग्रामच्या एका कार्यालयाचा कार्यभार ज्या अधिकाऱ्याकडे होता ते तापाने आडवे झाले. ऐनवेळी मोकळे कुणी नव्हते, म्हणून मला बसवले. वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी बाहेरचे पहिले काम! रात्री दीडच्या सुमाराला साधूंच्या एका खालशाचे (पथकाचे) महंत चिडून आले, नळाला पाणी नाही म्हणून. “साहब कहाँ है?” मी म्हटले, मीच. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिले. “माताजी, बडे साहब को बुलाओ.” मी म्हटले, बडे साहब मीच, बसा. वायरलेसवरून टँकर मागवला, रस्त्यात गर्दी तुंबली होती म्हणून पोलिसांच्या मदतीने तो मागच्या बाजूने आणवला. तासाभराने पाणी आले. उजाडताना, गंगेवर (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो) लोकांची रांगच्या रांग निघालेली असताना, त्यांचा एक शिष्य पुऱ्या आणि शिरा घेऊन आला. बाहेर उभ्या शिपायाला म्हणाला, “साहब के लिए है.” शिपायाने माझ्याकडे बोट दाखवले आणि तो शिष्य जराही चकित झाला नाही, इतकेच मला सांगायचे आहे. एका रात्रीत मी साहेब झाले होते. त्या आधीची सत्तावीस वर्षे कुठे गेली, हा हिशोब कुणाकडे मागू?

त्या वर्षीच्या अहवालात ‘क्षेत्रीय कामात उत्कृष्ट’ असा शेरा आला. पुढच्या वर्षी पुन्हा आदेश निघाला, तेव्हा मी एका आदिवासी तालुक्यात हजर झाले. तिथल्या कार्यालयात महिलांच्या स्वच्छतागृहाला कुलूप आणि किल्ली नाझरच्या (रोखपाल कारकुनाच्या) खुर्चीमागे खिळ्याला. दर वेळी त्यांच्याकडे किल्ली मागायची. पहिल्या आठवड्यात मी ती किल्ली काढून माझ्या टेबलावर ठेवली आणि दुसरी करून कडीलाच अडकवली. आयुष्यात काढलेला माझा हा पहिला कार्यकारी आदेश, तोंडी.

एवढे सगळे लिहायचे कारण असे, की या फ्लेक्सवरच्या मुलींनाही हजर झाल्यावर टेबलच मिळणार आहे. थेट आलेल्या नायब तहसीलदारालासुद्धा कार्यभार वाटून दिला जातो आणि महिला अधिकारी म्हटले की संजय गांधी योजनेचा कार्यभार, अशी एक पक्की समजूत आहे. त्या योजनेला मी कमी लेखत नाही, निराधार म्हाताऱ्यांचे दुवे तिथेच मिळतात. पण तीन-चार वर्षे सलग तेच केले आणि पदोन्नती समितीसमोर अहवाल गेले, की तिथे पुन्हा ‘मर्यादित’ हा शब्द येऊन बसतो. कार्यभार वाटपाचा आदेश दोन ओळींचा असतो, कार्यालयप्रमुखाच्या सहीने निघतो, त्यावर कुणी चर्चा करत नाही. बदल्यांचा कायदा २००५ चा आहे, बदल्या त्याप्रमाणे मोजूनमापून होतात. टेबलांच्या फिरतीला मात्र साहेबांच्या मर्जीपलीकडे काही नाही. बसायचे टेबल आणि बाहेरचे टेबल प्रत्येकाला आळीपाळीने द्यावे, मग तो बाप्या असो की बाई, आणि दिले नाही तर कारण लेखी नोंदवावे, एवढे झाले तरी माझ्यासारख्यांची वीस वर्षे वाचतील. रात्रीच्या पथकाला गाडी आणि दोन पोलीस मिळत नाहीत ही अडचण खरी आहे. ती पुरुषांनाही आहे. वाळूवाल्यांनी मार खाऊ घातलेले तलाठी बहुतेक बाप्येच होते, म्हणून कुणी पुरुषांना ते टेबल द्यायचे थांबवले का?

आणि तो नकाराचा अर्ज. तो आला की शिक्का मारून फाइलला लावू नये. कार्यालयप्रमुखाने त्या बाईला बोलावून एकदा तरी विचारावे, की बाई, कोणती जागा मिळाली तर जाल? पती-पत्नी एकत्रीकरणाची तरतूद आहे, विभागात रिकाम्या जागाही असतात. आमच्या एका प्रांतसाहेबांनी असे दोघींना विचारले होते. दोघी गेल्या. एकीला फक्त शेजारचा तालुका हवा होता.

आपल्याला एक विनंती आहे. २०२७ च्या सिंहस्थासाठी घाटांचे, साधुग्रामचे, वाहनतळांचे जबाबदारीचे आदेश निघतील. ते सार्वजनिक कागद असतात. आपल्या वार्ताहरांनी ते मागवावेत, नियंत्रण कक्षातल्या दूरध्वनीवर आणि ‘हरवले-सापडले’ कक्षात किती ‘श्रीमती’ आहेत आणि घाटावर प्रमुख म्हणून किती, हे मोजावे आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापावेत. फेट्यांच्या फोटोंइतकी जागा त्याला लागणार नाही.

आपली,
एक निवृत्त नायब तहसीलदार
इंदिरानगर, नाशिक

ता. क. नाव व पत्ता आपल्या माहितीसाठी सोबतच्या चिठ्ठीत दिला आहे. कृपया छापू नये. माझ्या मैत्रिणी अजून नोकरीत आहेत आणि त्यातल्या दोघींचे आदेश याच महिन्यात निघायचे आहेत.