बाबांच्या दुसऱ्या रिपोर्टबद्दल

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

बाबा, रिपोर्टचे फोटो मिळाले. एचआयव्हीचा व्हायरल लोड 'नॉट डिटेक्टेड', सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशी) ६१०. उत्तमच. पण खाली 'अँटी-एचसीव्ही रिॲक्टिव्ह' लिहिलंय, आणि "त्रास काही नाही, द्राक्षं उतरली की बघू" हे तुमचं म्हणणं मला पटलेलं नाही.

अँटी-एचसीव्ही म्हणजे हिपॅटायटिस सी हा लिव्हरवर बसणारा विषाणू कधीतरी शरीरात आल्याची खूण. तो आज रक्तात आहे का, हे विषाणूचाच अंश शोधणाऱ्या एचसीव्ही आरएनए तपासणीत कळतं. साधारण चौघांत एकाचा तो आपोआप जातो, एचआयव्ही असेल तर त्याहून कमी जणांचा. आरएनए निघाला नाही तर उपचाराची गरज नाही. निघाला तर थांबायचं नाही. का, ते सांगते.

एचआयव्ही पहिल्या काही आठवड्यांतच आतड्याच्या अस्तरातल्या सीडी४ पेशी मारतो. अस्तर झिरपायला लागतं आणि आतड्यातल्या जंतूंचे तुकडे रक्तात उतरतात. ते रक्त पोर्टल शिरेतून थेट लिव्हरमध्ये जातं. तिथल्या कुप्फर पेशी हे तुकडे गिळतात, भडकतात आणि दाह वाढवणारी रसायनं सोडतात. मग शेजारच्या स्टेलेट पेशी कोलॅजेनचे धागे विणत सुटतात. हा फायब्रोसिस, आणि वाढत जाऊन लिव्हर कडक झालं की सिरॉसिस. एआरटीने, म्हणजे एचआयव्हीच्या रोजच्या गोळ्यांनी, विषाणू दबतो, पण चुलवाणात जळण घालणं थांबवलं तरी काहिलीखालची धग लगेच जात नाही, तशी ही चेतलेली प्रतिकारशक्ती पूर्ण शांत होत नाही. त्यात हिपॅटायटिस सी लिव्हरच्याच पेशींत वाढतो, म्हणून सीडी८ या मारेकरी पेशी तिथे चालून जातात. दोन्ही विषाणू असले की सिरॉसिसचा धोका एकट्या हिपॅटायटिस सीच्या सुमारे दुप्पट होतो. एआरटीने तो कमी होतो, संपत नाही. आणि हे सगळं चालू असताना लिव्हर दुखत नाही. त्यामुळे 'त्रास नाही' याला मी पुरावा मानत नाही.

तुमच्याच आकड्यांवरून अंदाज काढला. वय ६४, लिव्हरच्या तपासणीतले एसजीओटी ६८ आणि एसजीपीटी ६४, प्लेटलेट १ लाख ७० हजार. फिब-४ (फायब्रोसिस किती, याचा अंदाज देणारा आकडा) काढताना वय गुणिले एसजीओटी, भागिले प्लेटलेट (हजारांत) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ: ४३५२ भागिले १३६०, म्हणजे ३.२. १.४५ च्या खाली असता तर निश्चिंत झाले असते, ३.२५ च्या वर असता तर फायब्रोसिस बराच वाढलाय असं धरलं असतं. तुमचा आकडा अगदी कडेला आहे. एचआयव्हीनेही प्लेटलेट कमी होतात, म्हणून फायब्रोस्कॅन, म्हणजे लिव्हरचा कडकपणा मोजणारी तपासणी, करून घ्या. आधी तीन तास काही खाऊ नका.

आरएनए निघाला तर उपचार असा: सिरॉसिस नसेल तर सोफोस्बुविर ४०० आणि डॅक्लाटास्विर ६० मिलिग्रॅम, रोज एकदा, १२ आठवडे. सिरॉसिस असेल तर डॅक्लाटास्विरऐवजी सहसा वेल्पाटास्विर देतात. २०१८ पासून हिपॅटायटिसच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. एआरटी सेंटरच्या डॉक्टरांना विचारा, ते पुढे कुठे जायचं ते सांगतील. गोळ्या चालू असताना छाटणी, फवारणी सगळं जमतं. ही काही जुनी इंटरफेरॉनची इंजेक्शनं नव्हेत, त्यांनी माणूस अंथरुणाला खिळायचा.

डॉक्टरांना सगळी औषधं दाखवा. डोल्युटेग्रॅविर या एचआयव्हीच्या औषधाबरोबर डॅक्लाटास्विरचा डोस बदलावा लागत नाही. पण पित्तावरचं पातळ औषध डोल्युटेग्रॅविरच्या आधी सहा तासांत किंवा नंतर दोन तासांत नको, गोळी अंगी लागत नाही. पित्ताची रोजची गोळी वेल्पाटास्विरचं शोषण कमी करते. टीबीचं रिफाम्पिसिन किंवा हृदयाचं अमिओडॅरोन चालू असेल तर या गोळ्या सुरूच करायच्या नाहीत. सुरू करण्याआधी एचबीएसएजी ही हिपॅटायटिस बीची तपासणी हवीच: हिपॅटायटिस बी लपलेला असेल तर सी गेल्यावर तो उसळू शकतो. तुमच्या एआरटीतलं टेनोफोविर त्यालाही आवरतं, म्हणून ती गोळी एक दिवसही चुकवू नका.

आई, काविळीचा झाडपाला आणि गुळवेलीचा काढा तू बंद ठेव. गुळवेलीने लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवल्यात. बाबांचं ताट-वाटी वेगळी करायची गरज नाही. रेझर आणि नेलकटर मात्र वेगळे, आणि सलूनमध्ये ब्लेड नवं लावून घ्यायचं. तुझीही अँटी-एचसीव्ही करून घे. दारूचा थेंब नको, हे बाबांसाठी. ताप आला तर पॅरासिटामॉल दिवसाला जास्तीत जास्त २ ग्रॅम.

गोळ्या संपल्यावर १२ आठवड्यांनी पुन्हा आरएनए करायचा. तेव्हा निघाला नाही तर बरे झालात. अँटी-एचसीव्ही मात्र पुढेही रिॲक्टिव्हच येत राहील, आणि एखाद्या शिबिरात कुणी घाबरवेल, म्हणून तो आरएनएचा कागद जपून ठेवा. एकदा होऊन गेला म्हणजे पुन्हा होत नाही असं नाही. सिरॉसिस निघाला तर बरे झाल्यावरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी.

सोमवारी सांगली सिव्हिलला जाल तेव्हा आरएनए आणि एचबीएसएजी दोन्ही सांगा. रिपोर्ट आले की फोटो पाठवा.

तुमची,
धाकटी