बेदाणा काळा का पडतो, तेही एकदा छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पेपरात तासगावच्या सौद्यांचे दर येतात, हिरवा इतका, पिवळा इतका, काळा इतका, आणि सीझनमध्ये आमच्या भागात तेच सगळ्यात आधी वाचलं जातं. पण एकाच बागेतला, एकाच गोडीचा माल द्राक्षं सुकवायच्या एका शेडवर हिरवा निघतो आणि दुसऱ्या शेडवर तपकिरी, ते का, हे कुठंच येत नाही. मग ज्याला जे वाटेल ते तो बोलतो, कुणी म्हणतं औषध जास्त झालं, कुणी म्हणतं पाणी खराब, आणि शहरातलं गिऱ्हाईक तर काळा म्हणजे सडका असंच धरून चालतं. मी बायोकेमिस्ट्री शिकलोय आणि घरचं बेदाणा शेड पण आहे, म्हणून हे लिहावंसं वाटलं.

द्राक्षाच्या मण्यात पॉलिफिनॉल ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रोटीन, असतं, थोडक्यात पीपीओ. त्याच्या गाभ्यात तांब्याचे दोन अणू असतात आणि सगळं काम त्यांच्या जोरावर चालतं. हे एन्झाइम पेशीतल्या एका कप्प्यात असतं आणि ज्याच्यावर ते काम करतं ती फिनॉल द्रव्यं, द्राक्षात मुख्य म्हणजे कॅफ्टारिक ॲसिड, ती दुसऱ्याच कप्प्यात, त्यामुळं मणी धड आहे तोवर दोघांची गाठ पडत नाही. मणी दबला, देठापाशी साल फाटली, किंवा सुकताना पेशींचे पडदे फुटले की दोघं एकत्र येतात, हवेतला ऑक्सिजन मिळतो आणि फिनॉलचं क्विनोन तयार होतं. हे क्विनोन गप्प बसत नाही, एकमेकांना चिकटतं, प्रोटीनला चिकटतं, आणि ती साखळी वाढत गेली की तिचा रंग तपकिरी होतो. यात कुठं सडणं नाही, बुरशी नाही, औषध पण नाही.

कुणालाही घरी बघायचं असेल तर थॉम्पसन ह्या बिनबियांच्या वाणाची मूठभर द्राक्षं दोन ग्लासात कुस्करा आणि एका ग्लासात लगेच लिंबू पिळा. बिनलिंबाचा रस बघता बघता मळकट तपकिरी व्हायला लागतो, आधी वरचा थर जिथं हवा लागते तिथं, आणि लिंबाचा बराच वेळ फिका राहतो, कारण लिंबातलं व्हिटॅमिन सी त्या क्विनोनला परत मागं ओढून फिनॉल करतं आणि आंबटपणानं एन्झाइमचा जोर पण कमी होतो.

आता शेडवर आपण जे करतो ते सगळं खरं म्हणजे ह्याच एन्झाइमशी लावलेली शर्यत आहे. लिटरला 25 ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि 15 मिली डिपिंग ऑइल, म्हणजे इथाइल ओलिएट, ह्या पाण्यात घड दोनचार मिनिटं बुडवतो, त्यानं सालीवरच्या मेणाची घडी विस्कटते आणि आतलं पाणी भराभर बाहेर पडतं. डिपिंग न करता तेच घड सुकायला महिना पण लागू शकतो, डिपिंग केलं आणि हवा कोरडी असली की 12 ते 15 दिवसांत माल तयार. पाणी घटलं की एन्झाइमला हालचालच करता येत नाही, 15 टक्क्यांच्या आसपास ओलावा आला की ते जवळजवळ थांबतं. म्हणून तर नागज, जुनोनीच्या माळावर शेडच शेड दिसतात, तिथला कोरडा वारा हेच तिथलं भांडवल. आणि म्हणूनच फेब्रुवारी मार्चमध्ये ढग आले, अवकाळी झाला की ज्याचा माल रॅकवर अर्धाकच्चा आहे त्याचा रंग गेला, त्यात त्या शेतकऱ्याचा काहीएक दोष नसतो.

सगळा तपकिरी रंग पीपीओचा नसतो हे पण सांगायला पाहिजे. तयार माल गरम गोडाऊनमध्ये पडून राहिला की साखर आणि अमिनो ॲसिड एकमेकांशी जुळून रंग धरतात, त्याला मेलार्ड म्हणतात, त्यात एन्झाइमचा संबंध नाही. हिरवा बेदाणा कोल्ड स्टोरेजला का ठेवायचा ते ह्यासाठी.

मला खरी काळजी आहे ती गंधकाच्या धुरीची. धुरीतला सल्फर डायऑक्साइड एन्झाइम बंद पाडतो, झालेलं क्विनोन पण फिकं करतो, त्यामुळं रंग झकास येतो आणि दर मिळतो. दर फक्त रंगावर ठरत असेल तर माणूस धुरी वाढवणारच, त्याला पोरांची फी भरायचीय, त्याला कोण काय बोलणार. पण दमा असलेल्या काही लोकांना सल्फाइटचा, म्हणजे धुरीतून मालात उरलेल्या गंधकाच्या अंशाचा, त्रास होतो आणि त्यांना बॉक्सवर बघून काही कळत नाही. कॅलिफोर्नियातला साधा मनुका डिपिंग न करता उन्हात कागदावर सुकवतात, तो गडद तपकिरीच होतो आणि जगभर चवीनं खाल्ला जातो. आमच्याकडं तसाच रंग आला की दर पाडून मागतात, हे मला अजिबात पटत नाही. फुटका, चिकट, मातीचा माल असेल तर दर कमी द्या, कुणाची तक्रार नाही. स्वच्छ, कोरडा, गोड माल नुसता रंगावरून का मारता?

ऑस्ट्रेलियात सुलताना द्राक्षाचा, म्हणजे आपल्या थॉम्पसनचाच, ब्रूसेस स्पोर्ट नावाचा एक वेगळा निघालेला वेल आहे, त्यावर तिथल्या शास्त्रज्ञांनी 1992 साली पेपर लिहिला. नेहमीच्या वेलात पीपीओचा रेणू आधी मोठा बनतो आणि मग त्याचा तुकडा कापला जाऊन लहान होतो, त्या वेलात रेणूची ही कापाकापी नीट होत नाही म्हणून एन्झाइमचा जोर कमी पडतो. तास-ए-गणेश, सोनाका, माणिक चमन ही आपली वाणं पण अशीच शेतकऱ्यांनी बागेत वेगळा वेल हेरून काढलेली आहेत. मग मण्याची लांबी आणि वजन जसं बघतो तसं कुस्करलेला रस किती वेळात तपकिरी होतो हे पण बघून वेल निवडायला काय हरकत आहे, ह्याला मोठी लॅब पण लागत नाही.

तर विनंती एवढीच की दराच्या तक्त्यात रंगाबरोबर ओलावा आणि सल्फरचे आकडे यावेत म्हणून बाजार समित्यांकडं आपल्या पेपरानं पाठपुरावा करावा, आणि पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातल्या जाणकारांकडून ह्या विषयावर एक सविस्तर लेख लिहून घ्यावा. तो शक्यतो डिसेंबरमध्येच छापा, जानेवारीत माल शेडवर आला की कुणाला पेपर उघडायला वेळ मिळत नाही.

आपला,
एक बेदाणा उत्पादक,
ता. कवठेमहांकाळ, जि. सांगली