मावशी, यंदा गौर आमच्या बाल्कनीतली

ती. मावशींस,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुमची नात फोनवर तुम्हाला वाचून दाखवणार आहे. गुडघ्यांमुळे तुम्ही गावी गेलात, देवळासमोर तुमच्या जागेवर आता ती बसते. परवा हार घेताना मी तिला म्हटलं, आजीला माझा निरोप सांग. ती म्हणाली, "निरोप कशाला, लिहाच की, मी वाचून दाखवते." लिहायचंच तर चारचौघांत लिहावं असं वाटलं. फुलं रोज विकत घेणाऱ्या माझ्यासारख्या पुष्कळ जणी आहेत. तुम्ही मला जे शिकवलंत ते त्यांच्याही कामाचं आहे, आणि ते कुणाकडून आलं हेही त्यांना कळायला हवं.

आधी बातमी सांगते. यंदा, २०२५ मध्ये, ३१ ऑगस्टला आमच्याकडे गौर आली, ती तेरड्याची. आणि तो तेरडा आमच्याच बाल्कनीतला. सात रोपं मुळांसकट उपटली, मुळं धुतली, माझ्या लेकीनं हळदीकुंकू वाहिलं. माझं माहेर आणि सासर दोन्ही तळकोकणातलं. आमच्याकडे तेरड्याची मुळं म्हणजे गौरीची पावलं, म्हणून रोप मुळासकटच लागतं. पुण्यात आल्यापासून बारा वर्षं मी बाजारातून जुडी आणत होते. घरी येईपर्यंत तिनं माना टाकलेल्या असायच्या आणि मुळं निम्मी तुटलेली. यंदा रोप कुंडीतून निघालं ते थेट पाटावर आलं. एकही पान मलूल नव्हतं. सासूबाई बराच वेळ नुसत्या बघत बसल्या, आणि मला तुमची आठवण आली.

आपली ओळख दोन गजरे आणि एक हार एवढीच होती. २०२२ चा दसरा झाला, दुसऱ्या दिवशी मी दारावरचं सुकलेलं तोरण पिशवीत घालून निघाले होते. तुम्ही हटकलंत. "कुठं निघालीस?" म्हटलं, निर्माल्यात टाकायला. "आणि बी?"

त्या एका शब्दावर मी तुमच्यापुढे सगळं बोलून मोकळी झाले. माझ्या हातून बी उगवत नाही, हे मी तोवर मनोमन मान्यच करून टाकलं होतं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये पिटुनियाची दोन महागडी पाकिटं आणली होती. कुंडीत बोटभर खोल खड्डे केले, बी टाकलं, सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं. एक कोंब वर आला नाही. मग सदाफुली पेरली. ती छान उगवली, आणि आठव्या दिवशी सकाळी पाहते तर सगळी रोपं बुडाशी दोऱ्यासारखी बारीक होऊन आडवी झालेली. पाणी कमी पडलं असेल म्हणून मी आणखी पाणी घातलं होतं.

तुम्ही पिशवीतलं एक फूल उचललंत, देठाजवळचा हिरवा पेला अंगठ्यानं फाडलात आणि आतला सगळा झुपका तळहातावर पसरलात. एकेक बी म्हणजे काळी सुई, वरच्या टोकाला फिकट कूस. तुम्ही दोन बोटांत धरून दाखवलंत. "ह्ये टणक लागतंय ना, ह्ये भरलेलं. ह्ये बग, दाबलं की वाकतंय, ह्ये पोचट." एका फुलात भरलेलं बी थोडं, पोचटच जास्त निघालं. गच्च पाकळ्यांच्या झेंडूत बी कमी धरतं, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. तुम्ही ते भरलेलं बी वर्तमानपत्राच्या चिटोऱ्यात बांधून माझ्या हातावर ठेवलंत. पैसे विचारले तर रागावलात.

त्यानंतर रोज हार घेताना एकेक गोष्ट विचारायची हा माझा नेमच झाला. गिऱ्हाईक उभं असलं तरी तुम्ही सांगायचात.

सगळ्यांत पहिला शब्द तुम्ही दिलात तो वाफसा. लहानपणी शेतावर ऐकला होता, पण कुंडीलाही वाफसा असतो हे कधी डोक्यात आलं नव्हतं. माती मुठीत घ्यायची आणि दाबायची. बोटांतून पाणी आलं तर जास्त ओली. गोळाच झाला नाही तर कोरडी. गोळा झाला आणि बोटानं टिचकी मारताच फुटला, म्हणजे वाफसा आला, आता पेर. "बियाला पानी लागतं तेवढंच वारंबी लागतं," तुम्ही म्हणालात. माझी सदाफुली कशानं मेली ते त्या एका वाक्यात कळलं. सतत ओल्या, कोंदट मातीत बुरशी धरते आणि कोवळं रोप जमिनीलगत सडतं, त्यालाच शेतकरी मर म्हणतात. आता मी रोपांसाठी दरवेळी ताजी माती घेते, तिच्यात निम्मं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आणि मूठभर गांडूळखत मिसळते. तुम्ही पोयटा म्हणजे गाळाची माती, वाळू आणि मुरलेलं शेणखत सांगितलं होतंत, ते इथं मिळणं अवघड. दह्याच्या रिकाम्या डब्यांना तळाशी भोकं पाडते. पाणी देण्याआधी बोट पेरभर मातीत घालते. ओल लागली तर झारी ठेवून देते. अजूनही कधीकधी हात शिवशिवतो, मग तुमचा आवाज ऐकू येतो, "ऱ्हाऊ दे की तिला जरा."

दुसरं, खोली. बी जेवढं जाड, तेवढीच माती त्याच्यावर. पिटुनियाचं बी धुळीसारखं, त्याला मी बोटभर खाली पुरलं होतं. ते नुसतं मातीवर भुरभुरायचं असतं, त्याला उगवायला उजेड लागतो. शिवाय ते थंडीतलं फूल, त्याची पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरात. एप्रिलच्या उन्हात ते येणार कुठून! आपला ऑफिस टाइम, म्हणजे चिनी गुलाबही असाच, पूड चिमटीत धरून वरून सोडायची. सदाफुलीचं मात्र उलटं, तिला अंधार लागतो. पातळ माती टाकून वर कागद झाकते आणि कोंब दिसला की त्याच दिवशी कागद काढते. एक दिवस उशीर झाला की रोपं फिकट आणि लुळी होतात, मग ती सावरत नाहीत.

गोकर्णाचं बी मी रात्रभर कोमट पाण्यात भिजवते, फुगेल तेवढं पेरते. न फुगलेल्याला सँडपेपरवर एकदा घासून परत भिजवते. झिनिया तर जिथं फुलायची तिथंच पेरावी, तिच्या मुळांना जागा बदललेली सोसत नाही. नवीन सुरुवात करणाऱ्यांनी झिनिया, झेंडू आणि गोकर्ण एवढीच तीन घ्यावीत असं माझं मत आहे. झेंडू चार-पाच दिवसांत उगवतो, माणसाला धीर येतो. कॉसमॉसही सोपा, नारिंगी आणि देखणा, पण त्याचं बी बाल्कनीबाहेर जाऊ देऊ नका. पुण्याच्या टेकड्यांवर त्यानं आधीच बस्तान बसवलंय, तिथल्या पावसाळी रानफुलांची जागा तो खातो. फोटोला छान दिसतो म्हणून फिरायला जाताना बी उधळणाऱ्यांना मी आता थांबवते.

झेंडूचा शेंडा खुडायला तुम्ही सांगितलंत तेव्हा मात्र मी आठवडाभर टाळाटाळ केली. रोप वीतभर झालं होतं, टोकाला पहिली कळी धरत होती, आणि तुम्ही म्हणता ती खुड. दोन रोपांचे शेंडे खुडले, दोन तशीच ठेवली. दसऱ्याला तशाच ठेवलेल्या रोपांना पाच-सहा फुलं होती आणि ती वाऱ्यानं कलंडत होती. खुडलेली दोन्ही गोल, पसरलेली, एकेकावर पंचवीसच्या वर फुलं. दसऱ्याच्या झेंडूची पेरणी जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात करायची, हेही तुमचंच. बी टाकल्यापासून फूल यायला साधारण दोन महिने, त्यात पावसाचे चार दिवस इकडेतिकडे. आता हे माझ्या कॅलेंडरवर लिहिलेलं असतं. नर्सरीतल्या बुटक्या संकरित झेंडूचं बी धरलं तेव्हा पोरं आईसारखी निघाली नाहीत, एक गुडघ्यापर्यंत, एक वीतभर. त्या बियाचा भरवसा नाही म्हणून तुम्ही आधीच बजावलं होतंत. तरीही मी दरवर्षी थोडं पेरते. काय निघतंय ते बघायला मला आवडतं.

गुलबक्षीसाठी तुमचे वेगळे आभार मानायचे आहेत. तुम्ही दिलेल्या मिऱ्यांसारख्या काळ्या, सुरकुतलेल्या बियांतून तीन झाडं आली. एकाच झाडावर पिवळी, राणी आणि दोन्ही रंगांचे शिंतोडे उडालेली फुलं. संध्याकाळी मी कामावरून यायची आणि ती उमलायची वेळ एकच. दिवसा फुलणारी झाडं मला फक्त रविवारी भेटतात, गुलबक्षी रोज भेटते. जानेवारीत तिची पानं गळली, फांद्या वाळून खडखडीत झाल्या. झाड गेलं म्हणून कुंडी रिकामी करायला घेतली होती, त्याआधी सहज तुम्हाला सांगितलं. तुम्ही हातातला दोरा खाली ठेवलात. "आगं, वतू नको! खाली गड्डा हाय. झोपलंय त्ये." मी कुंडी कोपऱ्यात सरकवली आणि अधूनमधून जरा पाणी शिंपडत राहिले. मे महिन्याच्या शेवटी एक वळीव झाला आणि चौथ्या दिवशी मातीतून लालसर, जाड कोंब वर आला. मी ऑफिसला जायचं सोडून कठड्याशी बसून राहिले. ती कुंडी आता तिसऱ्या वर्षात आहे. दरवर्षी गड्डा मोठा होतो आणि फुलं वाढतात.

आणि तेरडा. तुम्ही गावाहून येताना बोंडं आणायचं कबूल केलंत तेव्हा मला शंका होती, कारण पिकलेलं बोंड हात लागताच फुटतं आणि बी भिरकावतं. तुम्ही ती जुन्या पातळाच्या तुकड्यात एकेक गुंडाळून, वर घट्ट गाठ मारून आणलीत. वाटेत एसटीत सगळी फुटली असणार, पण कापड सोडलं तेव्हा बी आतच होतं, तपकिरी, मोहरीएवढं. ते जपलं. यंदा मोसमी पाऊस २६ मेलाच पुण्यात आला आणि सगळे घाई करायला लागले. मी मात्र तुमचं ऐकून मृगाची वाट पाहिली. आमच्या बाल्कनीत ऊन अकरापर्यंतच येतं, पण तेरड्याला तेवढं पुरलं. सहाव्या दिवशी उगवला. उगवतानाच्या दोन दलांनंतर चार खरी पानं आल्यावर एकेका कुंडीत दोन-तीनच रोपं ठेवली, बाकीची शेजारणींना दिली. ऑगस्टच्या मध्यावर पहिलं गुलाबी फूल आलं, आणि गौरीपर्यंत देठाला देठ लागून फुललं होतं. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात. आमच्याकडे तो सहा आठवडे होता, कारण एक फूल गळलं की वरच्या पेरात दुसरं तयारच असायचं.

दोन रोपं उपटली नाहीत, बियांसाठी ठेवली. बोंड फुगून जरा पिवळट झालं की त्याच्याभोवती मूठ मिटायची आणि मग दाबायचं. मुठीत ते गुदगुल्या केल्यासारखं फुटतं. लेक रोज शाळेतून आली की दप्तर टाकून तेच करते. बी आठ दिवस सावलीत वाळवून कागदी पुडीत घातलंय. प्लॅस्टिकमध्ये ओल धरते म्हणून तुम्ही ओरडला होतात, ते विसरलेले नाही.

या पत्राबरोबर नातीकडे दोन पुड्या दिल्या आहेत. एकीत तेरडा आहे, तुमचाच, फक्त मधे एक वर्ष आमच्याकडे राहून आलेला. दुसरीत माझ्या आईच्या अंगणातल्या अबोलीची सुकी बोंडं आहेत. तुम्ही गजऱ्यात अबोली ओवताना एकदा म्हणाला होतात, आमच्याकडं ही कुणी लावत नाही, सगळी बाहेरून येती. ती पुडी ओलाव्यापासून सांभाळा, नाहीतर बोंडं आतच फुटतील. फेब्रुवारी संपला, हवा तापली की खोलगट वाटीत जरा पाणी घ्या, एकेक बोंड टाका, वर ताटली झाका आणि नातीला जवळ बसवा. तड् तड् वाजतील. ताटलीला चिकटलेलं बी काढून पेरा. झेंडूसारखं लगेच येणार नाही, वीस-बावीस दिवस लागतील, तोवर माती उकरून बघू नका.

गुडघ्यांना तेल लावत जा. उन्हात जास्त बसू नका.

आपली,
रोज दोन गजरे नेणारी