लिनक्स टाका म्हणता, पण आधी डिस्क तर बघा!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला तेव्हापासून तुमच्या पेपरात काय आणि बाकीच्यांच्यात काय, जुना पीसी फेकू नका, विंडोजऐवजी लिनक्स ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टिम टाका असा सल्ला सारखा वाचायला मिळतोय. सल्ला चांगलाच आहे, मी तेच केलंय म्हणून तर लिहितोय. पण लिनक्स टाकायच्या आधी त्या म्हाताऱ्या मशीनची हार्ड डिस्क धड आहे का ते बघा, हे काही कुणी लिहीत नाही. बघायचं टूल फुकट आहे आणि दोन मिनिटांत बसतं.

आमच्या वाचनालयाचं कॉम्प्युटरचं काम मी बघतो (पगार नाही, चहा मिळतो). एका दुकानातून सेकंडहँड पीसी घेतला, दुकानदार म्हणाला कंडिशन एक नंबर, त्यावर मी लिनक्स मिंट टाकलं, पुस्तकांचं रजिस्टर लिब्रे ऑफिसमध्ये चढवलं, व्याख्यानमालेचे जुने फोटो स्कॅन करून ठेवले आणि तीन महिने सगळं मस्त चाललं. मग हळूहळू रजिस्टर उघडायलाच पाच-पाच मिनिटं लागायला लागली, आतून कट कट आवाज यायचा, आणि कमिटीतले लोक म्हणायला लागले की फुकटचं ते शेवटी फुकटचंच. मलाही लिनक्सचाच दोष वाटला, खोटं कशाला सांगू.

भाच्याला फोन लावला तर तो म्हणाला, मामा टर्मिनल (कमांड टाईप करायची खिडकी) उघड आणि टाईप कर, सुडो एपीटी इन्स्टॉल स्मार्टमॉनटूल्स. डिस्क तपासायचं टूल ते हेच. पासवर्ड मागितला, मी टाईप करतोय तर स्क्रीनवर काहीच उमटेना, मला वाटलं कीबोर्डपण गेला. तसं नसतं, तिथं पासवर्ड दिसतच नाही, नुसता टाईप करायचा आणि एंटर मारायचा. मग मध्येच पोस्टफिक्स नावाचा एक डबा उघडला आणि मेल सर्व्हरचं काहीतरी विचारायला लागला. बिघडलेल्या डिस्कची खबर मेलनं देता यावी म्हणून तो सोबत येतो म्हणे, आपल्याला नको असेल तर ‘नो कॉन्फिगरेशन’ निवडून पुढं जायचं.

आणि गंमत बघा, पॅकेजचं नाव स्मार्टमॉनटूल्स पण कमांडचं नाव स्मार्टसीटीएल. हे न सांगितल्यामुळं किती जण ‘कमांड नॉट फाउंड’ बघून सोडून देत असतील! आधी एलएसबीएलके मारून आपली डिस्क एसडीए आहे की एसडीबी ते बघायचं, मग सुडो स्मार्टसीटीएल, स्पेस, हायफन स्मॉल ए, स्पेस, स्लॅश डेव्ह स्लॅश एसडीए. लांबलचक तक्ता येतो. वरतीच ‘पास्ड’ लिहिलं होतं आणि मी खूश, तर भाचा म्हणतो त्या ओळीवर जाऊ नको, कंपनीनं ठरवलेली मर्यादा ओलांडली की नाही एवढंच ती सांगते, तू खाली ५, १९७ आणि १९८ नंबरच्या ओळींचा शेवटचा आकडा वाच. ५ म्हणजे खराब होऊन बदलून टाकलेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे), १९७ म्हणजे धड वाचता येत नाहीत म्हणून लटकलेले, १९८ म्हणजे तपासणीत वाचताच न आलेले. तिन्ही शून्य पाहिजेत. आमच्या १९७ समोर २१६ होते. ९ नंबरला डिस्क एकूण किती तास चालू होती ते असतं, तिथं ३८ हजारांच्या वर, म्हणजे दिवसरात्र चालली असं धरलं तरी चार वर्षं झाली, बहुतेक कुठल्यातरी सीसीटीव्हीच्या डब्यातली असणार. एक नंबर कंडिशन!

आता इथं लोक चूक करतात. डिस्क अडखळायला लागली की लगेच रिपेअर मारत बसतात आणि मरणाऱ्या डिस्कला आणखी पळवतात. आधी त्यातलं सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यायचं, रिपेअर करायची ती त्या कॉपीवर. त्यासाठी जीएनयू डीडीरेस्क्यू आहे, परत तोच नावाचा घोळ, उबंटू-डेबियन-मिंट या लिनक्सच्या प्रकारांमध्ये पॅकेज जीडीडीरेस्क्यू आणि कमांड डीडीरेस्क्यू, फेडोरामध्ये मात्र पॅकेजपण डीडीरेस्क्यूच. मिंटच्या पेनड्राईव्हवरून मशीन चालू केलं, तिथं टूल टाकलं, बाहेरची डिस्क जोडली आणि सुरू केलं. हे आधी सोपा भाग भराभर उचलतं, अडलेल्या जागा शेवटी परत परत वाचून बघतं, आणि कुठवर आलो त्याची नोंद एका मॅपफाईलमध्ये ठेवतं. पहिलं नाव जुन्या डिस्कचं, दुसरं जिथं उतरवायचं तिथलं, हे उलटं झालं तर मग देवाचंच नाव घ्या, मी तीनदा वाचून एंटर मारला.

रात्री दोनला लाईट गेली. यूपीएसनं दहा मिनिटं तग धरला. सकाळी बघतो तर पेनड्राईव्हवरच्या लिनक्समध्ये टाकलेलं टूल गायब, कारण ते सगळं रॅममध्ये असतं, परत इन्स्टॉल करावं लागलं. पण मॅपफाईल नशिबानं बाहेरच्या डिस्कवर ठेवली होती, त्यामुळं तीच कमांड दिली आणि जिथं थांबलं होतं तिथून पुढं चालू. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत रजिस्टर अख्खं मिळालं, फोटोंपैकी सात उघडत नाहीत.

मुद्दा असा की हेच स्मार्टमॉनटूल्स लिनक्स टाकायच्या आधी पेनड्राईव्हवरच चालवून बघता आलं असतं, नेट असलं की झालं, आणि ती डिस्क त्याच दिवशी दुकानदाराच्या टेबलावर परत ठेवली असती. माऊसनंच काम करणाऱ्यांना ‘डिस्क्स’ नावाच्या ॲपमध्येपण हे आकडे दिसतात. सेकंडहँड घेताना तर आकडे दुकानातच बघा, दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे.

तेव्हा पुढच्या वेळी लिनक्सचा सल्ला छापाल तेव्हा ही चार वाक्यं त्यात घाला. आणि कमांड छापताना जरा बघा, मागच्या लेखात जोडून आलेल्या दोन हायफनची तुमच्या इथं एक लांब रेघ झाली होती, मी ती तशीच टाईप करून अर्धा तास एरर खात बसलो. म्हणून तर या पत्रात मी हायफन अक्षरात लिहिलाय.

आपला,
वाचनालयाचा बिनपगारी कॉम्प्युटरवाला,
मिरज