बरच्या बागेत भेटलेल्या काकांना

आदरणीय काका,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. करडं कुत्रं घेऊन आयर्लंडमधल्या बर गावच्या किल्ल्याच्या बागेत फिरायला आलेले काका, एवढीच ओळख माझ्याकडे आहे. बाबा म्हणाले, आभार आपल्या भाषेत मान, इंग्रजीत नुसतं थँक्यू होतं. म्हणून मराठीत लिहितोय. कुणी तरी वाचून दाखवील तुम्हाला.

बाबांनी साताऱ्याजवळच्या शाळेत आयुष्यभर विज्ञान शिकवलं. दरवर्षी फळ्यावर ते भोवऱ्यासारखी दीर्घिका काढायचे आणि सांगायचे, हा आकार सर्वांत आधी १८४५ साली आयर्लंडमधल्या एका छोट्या गावातल्या दुर्बिणीतून दिसला. ते गाव म्हणजे तुमचं बर. डब्लिनला माझ्याकडे आल्यावर त्यांना तेवढंच पाहायचं होतं.

पण त्याआधी एका सहलवाल्यांच्या बसने आम्ही दुसरीकडे गेलो होतो. बाबांची काठी बघून त्यांच्या माणसाने सगळ्यांदेखत विचारलं, "यांना जमणार का? नाहीतर बसमध्येच बसू देत." बाबा दिवसभर बसमध्ये बसून राहिले. नंतर आठवडाभर एकच, "मला काही बघायचं नाही." तो राग माझा अजून गेलेला नाही.

बरला त्यांना मी जवळजवळ ओढूनच आणलं. बागेत दर वीस पावलांवर ते थांबत आणि झाडं बघतोय असं दाखवत. ते तुमच्या लक्षात आलं. तुम्ही माझ्याकडे वळलाही नाहीत. थेट बाबांना म्हणालात, "माझे गुडघे कुरकुरतायत हो, जरा बसू या का?" आणि स्वतः आधी बाकावर बसलात. बाबा लगेच शेजारी टेकले. असं तीनदा झालं. तिन्ही वेळा दमलेले तुम्ही होता, बाबा नव्हेत.

दुर्बिणीपाशी पोचेपर्यंत दोघांची गट्टी जमली होती. ७२ इंच व्यासाचा तो धातूचा आरसा, तांबं आणि कथील वितळवायला पीट म्हणजे दलदलीतल्या वाळवलेल्या मातीच्या इंधनावर पेटवलेली भट्टी, दोन दगडी भिंतींमध्ये टांगलेली नळी... बाबा विचारत होते, तुम्ही रंगून सांगत होता. १९१७ पर्यंत जगात याहून मोठी दुर्बीण नव्हती, हे बाबांनी सांगितलं तेव्हा तुम्ही त्यांच्या पाठीवर थाप मारलीत. मेरी वॉर्डची गोष्ट मात्र हळू आवाजात सांगितलीत. सूक्ष्मदर्शकातून दिसणारं जग रेखाटणारी ती बाई १८६९ मध्ये याच गावात वाफेच्या गाडीखाली गेली. आणि हर्लिंग या तुमच्या काठी-चेंडूच्या खेळाचा पहिला अखिल आयर्लंड अंतिम सामना १८८८ मध्ये इथेच झाला, हे सांगताना तर तुमची छाती फुगली होती!

किल्ला, बाग, एमेट चौकातला पुतळा नसलेला खांब, सगळं सुंदर आहे. पण घरी फोनवर बाबा आईला आधी तुमच्याबद्दल सांगतात, दुर्बीण नंतर. मदत घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये एवढं जपणारी माणसं मी फार थोडी पाहिली आहेत.

संध्याकाळी चौकात तुम्ही पुन्हा दिसलात. झपाझप चालत होता, कुत्र्याला धावावं लागत होतं. बाबा बघतच राहिले. मग चष्मा काढून पुसत म्हणाले, "गुडघे ठणठणीत आहेत रे त्यांचे."

पुढच्या महिन्यात मी येतोय. बाबांनी सातारचे कंदी पेढे पाठवलेत. भेट झाली नाही तर डबा किल्ल्याच्या तिकीट खिडकीवर ठेवीन, वर 'करड्या कुत्र्याच्या काकांसाठी' असं लिहून.

तुमचा,
काठीवाल्या मास्तरांचा मुलगा