ह्या चतुर्थीला

बंगळुरू, १८ ऑगस्ट २०२५

ति. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

फोनवर तुमचा आवाज ऐकला की मी विषय बदलते, म्हणून लिहितेय. ह्या चतुर्थीला आम्ही कुडाळला येत नाही. ओणमसाठी सासरी, त्रिशूरला जायची तिकिटं काढून झाली आहेत.

चतुर्थी २७ ऑगस्टला, ओणमचा मुख्य दिवस तिरुवोणम ५ सप्टेंबरला. दोन्हीकडे पुरेल एवढी रजा आम्हाला नाही, शाळेची सुट्टी तर एकाच दिवसाची. पण खरं सांगायचं तर अडलंय ते रजेवर नाही. गेल्या वर्षी सासरे गेले, त्यामुळे त्या घरी ओणम झालाच नाही. अंगणात फुलांच्या रांगोळीचं पूक्कळम नाही, पानावर सद्येचं जेवण नाही. ह्या वर्षी सासूबाई, मुलांच्या अच्छम्मा, पुन्हा सगळं मांडणार आहेत आणि "या" असं त्यांनी एकदाही म्हटलेलं नाही. सलग पाच चतुर्थ्या मुलं तुमच्याकडे होती, तेव्हाही त्या काही बोलल्या नाहीत. आई, त्यांच्या जागी तू असतीस तर एव्हाना तीन फोन झाले असते. (रागावू नकोस.)

मुलं आपलं विसरतील असं मनात आणू नका. जुलैत अच्छम्मा इथे होत्या, तेव्हा त्यांनी इला अडा केले. तांदळाची उकड केळीच्या पानावर थापायची, आत गूळ-खोबरं, पान दुमडून वाफवायचं. आपल्या पातोळ्याच की! मोठीने पान उलगडलं, हुंगलं आणि म्हणाली, "ह्याला आजीचा वास नाही." मी ओशाळले. अच्छम्मा काही न बोलता बाल्कनीत गेल्या, तू दिलेल्या हळदीची दोन पानं कापून आणली आणि उरलेल्या उकडीचे अडे त्यांत केले. धाकटा तर तिथल्या तांदळाच्या शेवयांना, इडिअप्पमला, अजून शिरवाळेच म्हणतो आणि गोड रस मागतो. पुढ्यात येते अंड्याची करी!

बाबा, दोघं तिथलं कोकमासारखी कुडमपुळी घातलेलं कालवण चाटूनपुसून खातात. मी सांगणार नव्हते, पण धाकटा सांगेलच. बांगड्याला मात्र तिरफळंच लागतात, हे मोठीने तिथे सगळ्यांना ऐकवलंय.

माझ्या मोदकाला कळ्या पडेनात म्हणून मी रडत बसले होते, आठवतं? आजी नको म्हणत असताना तुम्ही तोच फुटका मोदक नैवेद्याच्या पानात सगळ्यांत वर ठेवलात. ह्या चतुर्थीला मी इथे मोदक मुलींकडून करून घेणार आहे. हो, मुलींकडून, शेजारची पण येते. फुटले तरी वरच ठेवीन.

आता ऐका. बाबा, गणपतीच्या डोक्यावरची माटवी बांधायला स्टुलावर चढायचं नाही. कवंडळं, शिपटं सगळं चुलतभावाला बांधू दे, मी त्याच्याशी बोललेय. बीपीची गोळी आरतीच्या आधी, नंतर नाही. आई, मोदक एकवीस झाले की हात धू. नारळ आडाळ्यावर बसून खवू नकोस, टेबलाला लावायची खवणी पाठवलीय, ती खोक्यातून बाहेर काढ.

दसऱ्याच्या सुट्टीत दहा दिवस येतोय. तुझा शिरवाळ्यांचा साचा तेव्हा घेऊन जाईन, अच्छम्मांना बघायचाय.

आरतीच्या वेळी व्हिडिओ कॉल करा. बाबा, फोन देवाकडे धरा, गेल्या वेळी अर्धी आरती आम्ही पंखाच बघत होतो.

तुमची
बाय