उपकारस्तुतीत शिरणारा गर्व

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नाशिक परिसरातल्या अनेक ख्रिस्ती मंडळ्यांत हंगामाची उपकारस्तुती, म्हणजे पिकाबद्दल देवाचे आभार मानण्याची उपासना, होते. वेदीपुढे धान्य, भाजीपाला, द्राक्षांच्या पेट्या येतात, देवाने आपल्यासाठी काय केले याच्या साक्षी दिल्या जातात, कुठे या वस्तूंचा लिलावही होतो. अत्यंत सुंदर प्रथा आहे ही, आणि म्हणूनच तिला लागणारी कीड उघडपणे सांगायला हवी.

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात, १८व्या अध्यायात, येशूने सांगितलेल्या दाखल्यातल्या परूश्याची (धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथीयाची) प्रार्थना देवाचे आभार मानतच सुरू होते, याकडे सहसा लक्ष जात नाही. पण देवाने काय केले, हे तो पुढे एका शब्दानेही सांगत नाही. आठवड्यातून दोनदा उपवास, सगळ्या मिळकतीचा दशांश (देवासाठी काढलेला दहावा भाग) आणि मागे उभ्या, पापी समजल्या जाणाऱ्या जकातदाराशी तुलना, एवढेच. आभार देवाचे, हिशेब स्वतःचा.

सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप थोर ग्रेगरी यांनी गर्वाचे चार प्रकार सांगितले. चांगले ते माझ्यापासूनच आले असे मानणे. देवाने दिले, पण माझ्या लायकीमुळे दिले असे मानणे. नसलेल्या गुणाची बढाई. आणि इतरांना तुच्छ लेखून आपणच उठून दिसावे ही हाव. पहिला प्रकार श्रद्धावंताला लगेच ओळखू येतो. दुसरा जास्त घातक, कारण तो भक्तीचीच भाषा बोलतो: ‘दशांश कधी चुकवला नाही, म्हणून गारपिटीतून बाग वाचली.’ मग ज्याची बाग झोपली त्याचा विश्वास उणा, हे न बोलताच ठरून जाते.

बायबलमधला यहूदाचा हिज्कीया राजा तर देवभीरू. मरणाच्या दुखण्यात त्याने रडून प्रार्थना केली आणि आयुष्याची १५ वर्षे वाढवून मिळाली. तरी बायबलमधले २ इतिहास हे पुस्तक (३२:२५) सांगते की त्या उपकाराला साजेसे तो वागला नाही, कारण त्याचे मन गर्वाने फुगले. बाबेलचे (बॅबिलोनचे) दूत आले तेव्हा त्याने त्यांना सोने, रुपे, शस्त्रागार सारे दाखवले. प्रार्थना ऐकली गेल्यानंतरच्या दिवसांतच माणूस जास्त घसरतो. पुढे तो नम्र झाला, हेही तिथेच लिहिले आहे.

साक्ष कशी द्यावी याचा क्रम बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या २६व्या अध्यायात आहे. प्रथमफळांची (हंगामातल्या पहिल्या पिकाची) टोपली याजकाच्या हाती द्यायची आणि म्हणायचे: आमचा पूर्वज भटका होता, आम्ही गुलाम होतो, आम्ही हाक मारली, देवाने ऐकले, बाहेर काढले, ही भूमी दिली. स्वतःच्या कष्टाचा उल्लेख जवळजवळ नाहीच. ‘मी आणले आहे’ हे शेवटी येते, तेही ‘तू दिलेल्या भूमीचे’ असे म्हणून.

घरी रोज करण्यासारखे म्हणजे येशूसंघाचे (जेझुइट संघाचे) संस्थापक संत इग्नेशियस यांचे आत्मपरीक्षण. त्याच्या पाच पायऱ्या: मिळालेल्या उपकारांबद्दल आभार, पाप ओळखण्यासाठी कृपेची याचना, दिवसाचा तासातासाने आढावा, क्षमायाचना, सुधारण्याचा निश्चय. आभाराची पायरी गाळून थेट पापांवर गेलो, तर माणूस एक तर खचतो, नाही तर स्वतःची वकिली करू लागतो.

पाळकांना व धर्मगुरूंना विनंती, की देणगीदारांची नावे आणि रकमा वेदीजवळून वाचणे थांबवावे. अनुवाद २६:११ मध्ये त्या आनंदात परक्यालाही वाटा आहे. पेठ-सुरगाण्याहून द्राक्षबागांत कामाला येणाऱ्या मजूर कुटुंबांसाठी टोपलीतला वाटा लिलावाआधीच बाजूला काढावा.

– काही ख्रिस्ती वाचक, शरणपूर, नाशिक